‘इंग्लिश लर्नर’ ही नोंद कधी पुसली जाते? कॅलिफोर्नियातल्या नियमांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात मुलाचे नाव सरकारी शाळेत घालताना घरच्या भाषेविषयी एक छोटा फॉर्म भरावा लागतो. मूल बोलायला लागले ते कोणत्या भाषेत, घरी बहुतेक वेळा काय बोलते, आईवडील त्याच्याशी काय बोलतात आणि घरातली मोठी माणसे कोणती भाषा वापरतात, असे चार प्रश्न असतात. पहिल्या तिनांपैकी एकाही उत्तरात ‘मराठी’ आले, की साधारणपणे ३० दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची चाचणी होते. फ्रीमाँट, सनीव्हेल, कुपर्टिनोकडच्या मराठी घरांना हे ठाऊक आहे. चाचणीत इंग्रजी पक्के निघाले तर विषय तिथेच संपतो. नाही निघाले तर मुलाच्या नावापुढे ‘इंग्लिश लर्नर’ अशी नोंद होते आणि पुढे दर वसंत ऋतूत परीक्षा सुरू होते. ज्या दिवशी ही नोंद निघते त्या दिवशी मूल ‘रीक्लासिफाय’ झाले असे म्हणतात. शाळेतली माणसे अशा मुलांना ‘आरफेप’ म्हणतात. राज्यात सुमारे दहा लाख मुले ‘इंग्लिश लर्नर’ आहेत.

या यादीत मुलाला का घालायचे, हे न्यायालयांनी स्पष्ट केले. त्यातून त्याला नेमके केव्हा बाहेर काढायचे, हे मात्र राज्ये आणि शाळा-जिल्ह्यांवर, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांवर, सोडले गेले. गेल्या पन्नास वर्षांतला गोंधळ मुख्यतः इथून आला आहे.

भाषेच्या नावाखाली मुले वेगळी काढण्याची पद्धत त्याआधीही होती. ऑरेंज काउंटीतल्या काही शाळा-जिल्ह्यांत मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा चालत आणि कारण दिले जाई ते इंग्रजी येत नसल्याचे. मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर या खटल्यात १९४६ साली न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी त्या भाषाचाचण्या घाईने उरकलेल्या, वरवरच्या आणि भरवशाच्या नसलेल्या असल्याचे नोंदवले. काही ठिकाणी तर मुलाचे आडनाव पाहूनच त्याची शाळा ठरत होती. १९४७ साली वरच्या न्यायालयाने हा निकाल कायम केला. चाचणी कोण घेतो आणि कशी घेतो, यावर मुलाचे वर्ग, मित्र आणि पुढची वाट ठरते. हे तेव्हाच कागदावर आले होते.

१८७२पासून कॅलिफोर्नियात शिक्षण इंग्रजीतूनच द्यायचा दंडक होता. तो १९६७ साली, रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना उठला. पुढच्याच वर्षी टेक्सासचे सिनेटर राल्फ यारबरो यांच्या पुढाकाराने केंद्राचा द्विभाषिक शिक्षण कायदा आला. त्यात शाळांना अनुदान मिळत होते. मुलांना हक्क मिळत नव्हता.

हक्क आला सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून. तिथल्या शाळांत इंग्रजी न येणारी सुमारे २,८०० चिनी मुले होती. त्यांतल्या सुमारे १,००० मुलांना इंग्रजीची काही जादा शिकवणी मिळे. उरलेली सुमारे १,८०० मुले न समजणाऱ्या भाषेतले धडे ऐकत वर्गात बसून राहत. १९७० साली त्यांच्या पालकांनी खटला भरला. किनी लाऊ या मुलाच्या नावाने तो ओळखला जातो. खालची दोन्ही न्यायालये पालकांच्या विरोधात गेली. प्रत्येक मूल घरून आपापल्या सोयी-गैरसोयी घेऊनच शाळेत येते, त्याला शाळा जबाबदार नाही, असा अपील न्यायालयाचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी १९७४ रोजी एकमताने उलट निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिले, की सगळ्यांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही. ज्याला इंग्रजी कळत नाही त्याला शिक्षणाचे दार बंदच राहते.

हा निकाल आजही अंगावर रोमांच आणतो. पण शाळेने नेमके काय करावे, हे त्यात सांगितले नाही. ती उणीव १९८१च्या कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड या टेक्सासमधल्या निकालाने काही अंशी भरून काढली. शाळेची पद्धत मान्य शिक्षणशास्त्रावर उभी असावी, ती प्रत्यक्षात नीट राबवलेली असावी आणि काही काळानंतर तिचा परिणाम दिसावा, अशा तीन अटी त्याने घातल्या. परिणाम दिसायला हवा म्हटल्यावर मूल तयार झाले की नाही हे मोजणे आले, आणि मोजण्याचा प्रश्न पुन्हा शाळांच्या हाती गेला.

कॅलिफोर्नियाने १९७६ साली द्विभाषिक शिक्षणाचा स्वतःचा कायदा केला. त्याची मुदत १९८७ साली संपली आणि तो पुन्हा मंजूर झाला नाही. असंतोष दोन्ही बाजूंनी साठत गेला. १९९६ साली लॉस एंजेलिसच्या नाइन्थ स्ट्रीट शाळेत स्पॅनिशभाषक पालकांनीच बहिष्कार घातला, कारण आपल्या मुलांना पुरेसे इंग्रजी शिकवत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. रॉन अन्झ या उद्योजकाने हा मुद्दा उचलला. जून १९९८मध्ये त्यांचा ‘प्रस्ताव २२७’ सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. मुलांना साधारण एक वर्ष खास इंग्रजी वर्गात ठेवून नंतर नेहमीच्या वर्गात पाठवावे, असा त्याचा गाभा होता. एका वर्षात कोवळे मूल खेळण्या-बोलण्यापुरते इंग्रजी शिकते. विज्ञानाचा धडा वाचून त्यावर लिहिण्याइतके शिकायला बहुतेकांना कित्येक वर्षे लागतात. मतपेटीतून आलेली ती मुदत वर्गात कधीच खरी ठरली नाही.

बाहेर पडण्यासाठी राज्याच्या शिक्षण संहितेत चार कसोट्या आहेत: इंग्रजीची राज्यस्तरीय परीक्षा, शिक्षकाचे मत, पालकांशी सल्लामसलत आणि त्याच वयाच्या इंग्रजीभाषक मुलांच्या तुलनेत मूलभूत कौशल्ये. २००१पासून पहिल्या कसोटीसाठी ‘सेल्ट’ ही परीक्षा आली. पण कसोट्या चारच असल्या तरी पातळी ठरवायची मोकळीक जिल्ह्यांना होती. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्नियाच्या पाहणीत २०१४च्या सुमारास असे दिसले, की ९० टक्क्यांहून अधिक जिल्हे राज्याने सुचवलेल्यापेक्षा कडक निकष लावत होते. म्हणजे तेच मूल, तेवढेच इंग्रजी, पण घर बदलून शेजारच्या गावी गेले की नोंद बदलू शकत होती.

सगळ्यात जास्त अडवणूक झाली ती चौथ्या कसोटीने. तिच्यासाठी शाळा इंग्रजी विषयाची सर्वसाधारण राज्य परीक्षा वापरत. त्या परीक्षेत राज्यातली जवळपास निम्मी मुले अपेक्षित पातळी गाठत नाहीत, आणि त्यांत जन्मापासून इंग्रजी बोलणारी असंख्य मुले असतात. त्यांना कोणी ‘लर्नर’ म्हणत नाही. मग घरी स्पॅनिश, व्हिएतनामी किंवा मराठी बोलणाऱ्या मुलाला केवळ त्या गुणांसाठी का थांबवायचे? अभ्यासात मागे पडणे आणि भाषा न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ मुलांवर अन्याय करते असे मला ठामपणे वाटते.

हा अन्याय माध्यमिक शाळेत उघडा पडतो. तिथे इंग्रजी विकासाचा जादा तास लागला, की संगीत, चित्रकला किंवा तिसऱ्या भाषेचा तास वेळापत्रकातून जातो. २०१० साली कॅलिफोर्नियन्स टुगेदर या संस्थेने ४० जिल्ह्यांची माहिती मांडली, तेव्हा माध्यमिक शाळांतल्या ‘इंग्लिश लर्नर’ मुलांपैकी ५९ टक्के मुले सहा वर्षांहून अधिक काळ त्याच नोंदीत अडकलेली निघाली. त्यांतली बरीचशी अमेरिकेतच जन्मलेली, सफाईने इंग्रजी बोलणारी होती; लेखन-वाचनात मात्र कच्ची राहिलेली. २०१२ साली राज्याने ‘दीर्घकालीन इंग्लिश लर्नर’ची व्याख्या कायद्यात घातली.

त्याच काळातला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. स्टॅनफर्डच्या इलाना उमान्स्की आणि शॉन रिअर्डन यांनी एका मोठ्या शहरी जिल्ह्यातल्या लॅटिनो मुलांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या. प्राथमिक शाळेत केवळ इंग्रजीतून शिकणारी मुले लवकर रीक्लासिफाय झाली. पण हायस्कूल संपेपर्यंत दोन भाषांतून शिकलेल्यांचे प्रमाण पुढे गेले. लवकर सुटणारेच पुढे राहतात हा समज यातून ढासळला. नोव्हेंबर २०१६मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव ५८’ला ७३ टक्क्यांहून अधिक मते देऊन २२७चा मोठा भाग रद्द केला.

आकडेवारीतही एक खोट आहे. ज्यांचे इंग्रजी सुधारते ती मुले यादीतून निघून जातात आणि नवी, इंग्रजी न येणारी मुले आत येतात. त्यामुळे या गटाचा निकाल नेहमी वाईटच दिसतो, शाळा कितीही चांगली असली तरी. २०१५च्या ‘एस्सा’ या केंद्रीय शालेय शिक्षण कायद्याने बाहेर पडलेल्या मुलांचे निकाल चार वर्षांपर्यंत गटात धरण्याची मुभा दिली. प्रवेशाचे आणि बाहेर पडण्याचे निकष राज्यभर सारखे असावेत, असे बंधनही त्याच कायद्याने घातले.

२०१८च्या वसंत ऋतूत ‘सेल्ट’ची जागा ‘एल्पॅक’ने घेतली. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे अशी चार अंगे तिच्यात तपासतात, आणि पहिल्या कसोटीसाठी एकूण पातळी ४ (सर्वांत वरची) ही आता राज्यभर एकच आहे. चौथ्या कसोटीसाठी कोणती चाचणी वापरायची आणि किती गुण धरायचे, हे अजूनही जिल्हाच ठरवतो. त्यामुळे जुनी असमानता कमी झाली, संपली नाही. नोंद निघाल्यावर शाळेने चार वर्षे मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचे असते.

मुलाला खास वर्ग नको असे पालक सांगू शकतात. परीक्षा आणि नोंद मात्र नाकारता येत नाही. सुरुवातीचे वर्गीकरण चुकले असे वाटले तर पहिली वार्षिक परीक्षा होण्याआधी फेरतपासणी मागता येते, आणि मुलाची कोणती कसोटी राहिली आहे हे शाळेला विचारता येते. २०१७च्या एका कायद्याने, मूल दीर्घकालीन यादीत गेले असेल किंवा जाण्याच्या बेतात असेल, तर तसे पालकांना कळवणेही शाळांवर बंधनकारक केले आहे.