कार्बन वाढला, पण पाण्याचं काय?

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की वनस्पतींना जास्त खाद्य मिळेल आणि वाळवंटंही हिरवी होतील, असं गणित वारंवार मांडलं जातं. पानापुरतं ते खरं आहे, पण अख्ख्या वाळवंटाला लागू पडत नाही.

पानावरचं पर्णरंध्र, म्हणजे सूक्ष्म छिद्र, उघडलं की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. या वायूचा एक रेणू मिळवायला पाण्याचे शेकडो रेणू खर्ची पडतात. हवेत तो जास्त असेल तर रंध्रं थोडी मिटून घेतली तरी काम भागतं. शिवाय हा वायू पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) चुकून त्याऐवजी ऑक्सिजन पकडतं तेव्हा होणारी नासाडीही घटते. थोडक्यात, तेवढ्याच पाण्यात जास्त साखर तयार होते. सी-४ या प्रकाशसंश्लेषणाच्या वेगळ्या पद्धतीची झुडपं हा वायू पानात आधीच रुबिस्कोभोवती एकवटून वापरतात, त्यामुळे त्यांचा फायदा कमी.

हे कुंडीत तपासायला गेलं की फसगत होते. मुळं कुंडीच्या भिंतीला टेकली की वाढ अडते, न वापरलेली साखर पानात साचते आणि झाड रुबिस्को कमी करतं. बंद काचघरात ऊन आणि वारा दोन्ही बदलतात. म्हणून अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, मोहावी वाळवंटात, 1997 ते 2007 अशी दहा वर्षं उघड्यावरच प्रयोग झाला. एकूण नऊ वर्तुळाकार भूखंड होते. तीन भूखंडांभोवतीच्या नळ्यांतून वायू सोडून त्याचं प्रमाण 550 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 550 भाग) आसपास राखलं. बाहेरच्या हवेत ते तेव्हा 370 च्या आसपास होतं. दुसऱ्या तिघांत नुसती साधी हवा फुंकली, म्हणजे पंख्यांच्या वाऱ्याचा परिणाम वेगळा ओळखता यावा. उरलेले तीन जसेच्या तसे सोडले.

तिथलं मुख्य झुडूप क्रिओसोट. त्याची पानं बारीक आणि राळेने चिकट, वर्षभर टिकणारी. 1998 साली एल निनो या प्रशांत महासागर तापवणाऱ्या घटनेमुळे तिथे भरपूर पाऊस झाला, तेव्हा जादा वायू मिळालेल्या क्रिओसोटला नव्या फांद्या जवळपास दुप्पट फुटल्या. कोरड्या वर्षांत मात्र फरक जवळजवळ दिसेना. त्याचं कारण साधं आहे. माती सुकली की रंध्रं तशीही मिटलेलीच असतात. बाहेर वायू कितीही असो, आत शिरायला वाट नसते. रंध्रं मिटून वाचलेलं पाणी मातीत उरेल ही आशाही फोल ठरली, मातीतला ओलावा वाढला नाही. दहा वर्षांनी झुडपं कापून, मुळं खणून वजन केलं, तर जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या वस्तुमानात ठळक वाढ आढळली नाही.

मग चांगल्या वर्षातला जादा कार्बन गेला कुठे? काही अंशी मातीत. मुळांतून झिरपणारी द्रव्यं आणि सूक्ष्मजीव यांच्यामार्फत तो तिथे साठला. जादा वायूच्या भूखंडांत मातीतला सेंद्रिय कार्बन जास्त भरला. नुसती झुडपं मोजून थांबलं असतं तर हे कळलंच नसतं.

खरी चिंता मात्र वेगळीच आहे. 1998 च्या त्याच ओल्या वर्षात, जादा वायूच्या भूखंडांत, रेड ब्रोम या बाहेरून आलेल्या वर्षायू (एकाच हंगामात जगून मरणाऱ्या) गवताने स्थानिक वर्षायूंपेक्षा जास्त वाढ केली आणि बीही जास्त टाकलं. मोहावीत झुडपांमध्ये उघडी माती असते, त्यामुळे एका झुडपाची आग दुसऱ्यापर्यंत सहसा पोचत नाही. या मोकळ्या जागांत वाळलेलं गवत उभं राहिलं की आगीला सलग रस्ता मिळतो. तिथलीच क्रिओसोटची एक वसाहत सुमारे 11,700 वर्षं जुनी मानली जाते. एकाच मुळापासून वर्तुळात पसरत गेलेली ही झुडपं दुष्काळ सोसतात, पण आगीची त्यांना सवय नाही. जळाल्यावर क्रिओसोट क्वचितच भरभरून फुटतं, गवत मात्र पुढच्याच ओल्या हंगामात पुन्हा उगवतं.