मिठाच्या पाण्यातील पायस्नान

मिठाच्या पाण्यातील पायस्नान : कोरड्या, खरखरीत व भेगाळलेल्या तळपायांसाठी घरीच करायचा उपचार. कोमट पाण्यात मीठ विरघळवून पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवायचे, मऊ पडलेली निबर कातडी वज्रीने घासून काढायची आणि पाय पुरते वाळायच्या आत त्यांना तेल, तूप किंवा मलम चोळायचे, असा त्याचा क्रम आहे. नावात मीठ असल्यामुळे सगळ्यांच्या लक्षात तेवढेच राहते. गुण मात्र मुख्यतः पाण्याचा आणि त्यानंतर लावलेल्या स्निग्धाचा असतो. शेवटची पायरी गाळली तर याच उपचाराने पाय पूर्वीपेक्षा कोरडे पडतात.

तळपायाच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेलग्रंथी नसतात. चेहऱ्यावर किंवा पाठीवर आपोआप पसरणारा तेलकट थर इथे तयारच होत नाही, त्यामुळे आतला ओलावा अडवायला काही राहत नाही. त्यातच टाचेवरचा मृत पेशींचा थर अतिशय जाड असतो. या थरातले पाण्याचे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या खाली गेले की त्याची लवचिकता संपते. आपण उभे राहतो तेव्हा टाचेखालची चरबीची गादी दाबली जाऊन कडेला फुगते. बुटाची मागची बाजू तिला आवरून धरते. चपलेला मागची बाजूच नसते. कोरडी कड अशी दर पावलाला ताणली जाते आणि शेवटी फाटते. म्हणूनच भेगा टाचेच्या मध्यावर न पडता कडेने आणि उभ्या पडतात. दिवसभर ओट्यापाशी, दुकानात किंवा चौकात उभे राहून काम करणारे, अनवाणी राबणारे, वजन जास्त असलेले आणि वयस्कर लोक यांना त्रास अधिक. देशावरच्या कोरड्या थंडीत तो वाढतो.

सुरुवातीला टाचेची कड पांढुरकी, पिठूळ दिसते. मग पिवळसर घट्टा धरतो, त्यावर बारीक चिरा उमटतात आणि त्यांत मळ बसून काळ्या रेघा तयार होतात, त्या साबणाने निघत नाहीत. रात्री चादरीचा धागा भेगेत अडकू लागला की घट्ट्याला कड आली असे समजावे. भेग जिवंत कातडीपर्यंत पोचली की रक्त येते, आग होते, टाच टेकवत नाही. याला बोलीत जळवात म्हणतात.

आयुर्वेदाने हा विकार बारकाईने पाहिलेला आहे. सुश्रुतसंहितेत तो क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांमध्ये, ‘पाददारी’ या नावाने येतो. फार चालणाऱ्या माणसाच्या अतिरूक्ष पायांत वायू प्रकुपित होऊन तळव्याला वेदनायुक्त भेगा पाडतो, असे तिथे म्हटले आहे. चिकित्सेत सिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणे, सांगितला आहे, तो आज कोणी घरी करणार नाही. पण त्यापुढे स्वेद, म्हणजे शेक, आणि अभ्यंग, म्हणजे तेल जिरवणे, ही जोडी येते. नंतर मेण, तूप, राळेचे चूर्ण आणि गेरू वगैरेंचा लेप द्यायला सांगितले आहे. आधी उबेने मऊ करायचे, मग तेलाने भरायचे आणि वरून मेणाने बंद करायचे, हा क्रम आजच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याशी जुळतो. यात मीठ कुठेही नाही.

मिठाचे काम मर्यादित आहे. निबर थर पाणी शोषून फुगतो, तो साध्या पाण्यातही फुगतो. जाड्या मिठाचे खडे चोळले तर ते घासणीसारखे काम करतात, घामट पायांचा वास थोडा कमी होतो आणि उबेबरोबर दिवसभराचा शीण उतरल्यासारखे वाटते, हेही थोडे नव्हे. परंतु मीठ भेग भरून आणत नाही. पाणी फार खारट केले तर ते कातडीतले पाणी उलट ओढून घेते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पायस्नानाचे पाणी त्याहून सौम्य असलेले बरे. दिवसचे दिवस खाऱ्या पाण्यात उभे राहिल्यावर काय होते हे पाहायचे असेल तर कच्छच्या छोट्या रणातल्या मिठागर कामगारांचे, अगरियांचे, पाय पाहावेत. कातडी कोरडी पडून जाड झालेली, भेगाळलेली आणि लवकर न भरणाऱ्या जखमांनी ग्रासलेली असते. मीठ पायांना मुळातच हितकारक असते, तर सर्वांत मऊ पाय त्यांचे असते.

दुकानात मिळणारे एप्सम सॉल्ट म्हणजे खाण्याचे मीठ नव्हे. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू पाण्यावरून त्याला हे नाव पडले आणि नेहेमाया ग्र्यू यांनी १६९५ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. ते पायांतून शरीरात शिरून मॅग्नेशियमची उणीव भरून काढते, हा दावा भक्कम पुराव्यावर उभा नाही. मृत समुद्राच्या मिठाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड पुष्कळ असते. कोरड्या, अॅटोपिक (अॅलर्जीकडे कल असलेल्या) त्वचेच्या रुग्णांवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या ५ टक्के द्रावणाने साध्या पाण्यापेक्षा त्वचेचा ओलावा टिकवण्यास अधिक मदत झाली. तो प्रयोग हाताच्या पातळ कातडीवर होता. टाचेच्या घट्ट्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

कृती अवघड नाही. घमेल्यात किंवा टबात घोटा बुडेल इतके, साधारण चार लिटर कोमट पाणी घ्यावे आणि त्यात दीड-दोन मुठी, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, जाडे मीठ विरघळवावे. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहावे, कारण निबर तळव्याला चटका उशिरा कळतो. पाय पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नयेत. बोटे सुरकुतली की काढावेत. मग वज्री. भाजलेल्या मातीच्या, दगडाच्या आणि पितळी वज्र्या पूर्वी घरोघरी न्हाणीत असत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचे कलाकुसरीचे नमुने पाहायला मिळतात. हलक्या हाताने, एकाच दिशेने घासावे आणि एका बैठकीत टाच गुळगुळीत करायचा हट्ट धरू नये. ब्लेडने कातडी तासणे तर सर्वथा वर्ज्य : तासलेल्या जागी घट्टा पुन्हा धरतोच आणि मध्ये जखम होऊन पिकण्याचा धोका राहतो. नंतर साध्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, टाच मात्र टिपून किंचित ओलसर ठेवावी आणि लगेच स्निग्ध लावावे. आठवड्यातून दोनदा पायस्नान पुरे. स्निग्ध रोज रात्री हवे.

कोकणात यासाठी कोकमाच्या बियांचे तेल वापरतात. ते थंडाव्यात घट्ट राहते, अंड्याच्या आकाराचे पांढुरके गोळे बाजारात मिळतात आणि ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळते. पळीत चमचाभर पातळ करून थेंब भेगेत सोडला की तो तिथेच गोठतो आणि भेग आतून बुजते. खोबरेल उन्हाळ्यात वाहून जाते, हे जात नाही. घाटावर तूप किंवा एरंडेल लावून काशाच्या वाटीने तळवे घासण्याची चाल आहे. पेट्रोलियम जेली, म्हणजे रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेले व्हॅसलिन, ओलावा अडवण्यात या सगळ्यांपेक्षा सरस आहे आणि स्वस्तही. घट्टा फारच जाड असेल तर १० ते २५ टक्के युरिया असलेले मलम आणावे. ते निबर थर सैल करते आणि पाणीही धरून ठेवते. वर सुती मोजे घालून झोपावे.

पाय भिजवणे, घासणे आणि तेल लावणे याचा सर्वांत शिस्तबद्ध वापर कुष्ठरोगाच्या स्वयंकाळजीत झाला आहे. या रोगात मज्जातंतू निकामी झाल्याने तळव्याला घाम येत नाही आणि संवेदनाही उरत नाही. कोरडी टाच फाटते, दुखत नाही म्हणून तशीच चालली जाते आणि व्रण होतो. त्यासाठी रुग्णांना पाय रोज साध्या पाण्यात भिजवायला, घट्टा घासायला आणि ओल्या पायावरच तेल लावायला शिकवतात, शिवाय मऊ तळाच्या एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) चपला देतात. गरम पाणी तिथे टाळतात. मिठाची गरज पडत नाही.

मधुमेहींनी मात्र पाय बुडवून बसू नये, मिठात नाही आणि साध्या पाण्यातही नाही. बधिर पाय भाजल्याचे कळत नाही, भिजून मऊ झालेल्या कातडीतून जंतू शिरतात आणि एवढ्याशा भेगेतून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यांनी ३७ अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्याने पाय रोज धुवावेत, बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचेला मलम लावावे, बेचकीत लावू नये आणि तळवे दररोज आरशात पाहावेत. भातलावणीच्या दिवसांत चिखल्या झालेल्यांनीही हा उपचार करू नये. त्यांचे दुखणे ओलाव्याचे असते, त्यांना पाय कोरडे ठेवणे हेच औषध. एकच पाय खरखरीत होऊन त्याची साल निघत असेल तर बहुधा बुरशी असते आणि तिला बुरशीनाशकच लागते. तळव्यांबरोबर तळहातही जाड होऊन फुटत असतील तर सोरायसिस आहे का, आणि टाचांच्या भेगांसोबत थकवा, वजनवाढ व केस गळणे असेल तर थायरॉइड कमी पडते आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. भेगेतून पू येणे, भोवती लाली व ऊब पसरणे किंवा ताप येणे ही त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याची लक्षणे आहेत.