खाऱ्या हवेतला गंज आणि लोखंडी सामानाचं संरक्षण

समुद्रकाठी उघड्यावर असलेलं गेट, ग्रील, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, नट-बोल्ट, पत्र्याचे स्क्रू असं लोखंडी सामान गंजू नये म्हणून जे काही करतात ते सगळं या विषयात येतं. नाशिक समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून लांब, मध्ये सह्याद्री, त्यामुळे इथे रेडऑक्साइड मारून वर ऑइलपेंटचे दोन हात दिले की भागतं. पण नाशिकच्याच सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत बनवलेलं गेट डहाणूला किंवा अलिबागला बसवायचं असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, ते दोन्ही नाशकातही आहेच. फरक पडतो मिठाने. लाटा फुटताना उडालेले बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, धातूवर मीठ बसतं आणि ते हवेतली ओल खेचतं. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाझरायला लागतं, पण समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच, म्हणून पाऊस नसला तरी लोखंड ओलंच राहतं. किनाऱ्यापासून आत जाल तसं मीठ झपाट्याने कमी होतं. आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, की पागोळीखालची, पावसाने धुतली न जाणारी बाजू अनेकदा उघड्या बाजूपेक्षा जास्त गंजते.

सगळ्यात भरवशाचा उपाय जस्ताचा, म्हणजे गॅल्व्हनायझिंग. याचा मान कोणाला द्यायचा यावर मतं वेगवेगळी आहेत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मालुआँ यांनी १७४२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायची पद्धत मांडली. सोरेल यांचं फ्रेंच पेटंट मात्र जवळपास शंभर वर्षांनी, काही जण १८३६ म्हणतात तर काही १८३७. मधे १८२४ मध्ये इंग्लंडात हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांबं वाचवता येतं हे दाखवलं, म्हणजे एक धातू स्वतः झिजून दुसऱ्याला राखतो हे तत्त्व तिथे स्पष्ट झालं. आपल्याकडे उदयपूरजवळ झावरला जस्त गाळण्याचं काम निदान बाराव्या शतकाच्या सुमारास मोठ्या प्रमाणावर चालू असावं, आणि ब्रिटनच्या रॉयल आर्मरीज संग्रहात सतराव्या शतकातल्या भारतीय चिलखतावर जस्ताचा थर असल्याचंही सांगतात. पण एका वस्तूवर थर सापडणं वेगळं आणि रोजची पद्धत असणं वेगळं, तेव्हा कल्पना मालुआँची आणि कारखान्यात चालेल अशी रीत सोरेलची, हे मत जास्त पटतं.

हॉट डिपमध्ये, म्हणजे या बुडवण्याच्या पद्धतीत, माल ॲसिडने साफ करून, फ्लक्स (जस्त नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावून साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या जस्तात बुडवतात. ६ मिलिमीटरहून जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर धरतात, उलट बाजारातल्या चकचकीत प्लेटिंगच्या, म्हणजे विजेने जस्त चढवलेल्या, नट-बोल्टावर बऱ्याचदा ५ ते १२ मायक्रॉनच असतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या सी-५ वर्गाच्या, म्हणजे अगदी खाऱ्या हवेत जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं, त्यामुळे हॉट डिपला दहा ते वीस वर्षं मिळतात आणि प्लेटिंगचं काय होतं ते हिशोबानेच कळतं. गेट हॉट डिपचं आणि बोल्ट प्लेटिंगचे, ही काटकसर करूच नये.

जीआयवर, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडावर, साधा ऑइलपेंट थेट मारला की काही दिवसांनी पापुद्रे निघतात, कारण पेंटमधलं तेल जस्ताशी मिळून साबणासारखा थर तयार होतो; आधी एच (जस्ताला किंचित खाऊन घट्ट धरणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो. तो नीट बसला तर जस्त आणि रंग मिळून दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्याच्या बेरजेपेक्षाही जास्त टिकतात. जीआयवर नंतर वेल्डिंग किंवा ड्रिलिंग केलं तर तेवढ्या जागेचं जस्त जातं, तिथे लगेच झिंक-रिच, म्हणजे भरपूर जस्ताची भुकटी असलेला, पेंट लावावा, नुसता चंदेरी रंग नको.

स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ या प्रकारावर किनाऱ्यावर चहासारखे डाग आणि बारीक खड्डे पडतात, ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने तो बराच तग धरतो. मोठ्या स्टेनलेस पट्टीला छोटे जीआय बोल्ट लावले तर बोल्ट फार लवकर खाल्ले जातात, म्हणून दोन्ही धातू एकमेकांना टेकू नयेत यासाठी मधे नायलॉनचा वायसर आणि बुश (बोल्टाभोवतीची नळी) घालतात.

बाकी देखभाल म्हणजे गोड्या पाण्याने अधूनमधून धुणं, विशेषतः पागोळीखालचा भाग, आणि बिजागऱ्यांना ग्रीस.