महिला आशिया चषक (बास्केटबॉल)

आशिया खंडातील महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघांची ही सर्वोच्च स्पर्धा आहे. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या (फिबा) अधिपत्याखाली ती साधारणपणे दर दोन वर्षांनी भरते. पहिली स्पर्धा १९६५ मध्ये सोल येथे झाली आणि यजमान दक्षिण कोरियाने ती जिंकली. त्या काळात कोरियाचा संघ केवळ आशियातच बलाढ्य होता असे नाही. १९६७ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याने दुसरे स्थान मिळवले होते.

चीनने १९७६ मध्ये हाँगकाँग येथे प्रथमच विजेतेपद पटकावले आणि पुढची सुमारे साडेतीन दशके ही स्पर्धा म्हणजे प्रामुख्याने या दोन देशांमधील झुंज राहिली. १९६५ ते २०११ या काळातील विजेतेपदांपैकी केवळ १९७० चे विजेतेपद त्यांच्याबाहेर, जपानकडे गेले. दोघांच्याही नावावर आज प्रत्येकी १२ विजेतेपदे आहेत.

स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय स्थित्यंतर जपानने घडवले. उंचीत चीनच्या खेळाडूंशी बरोबरी शक्य नसल्याने या संघाने वेगवान खेळ, अथक बचाव आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून केलेली अचूक बास्केटफेक यांवर भर दिला आणि २०१३ ते २०२१ या काळात सलग पाच वेळा चषक जिंकला. टोकियो ऑलिंपिकमधील त्यांचे रौप्यपदक याच खेळाचे फळ होय. २०२३ मध्ये सिडनी येथील अंतिम सामन्यात चीनने अवघ्या दोन गुणांनी, ७३–७१ असा विजय मिळवून ही मालिका खंडित केली.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे संघ २०१७ पासून या स्पर्धेत खेळू लागल्याने तिची भौगोलिक व्याप्ती आशियापलीकडे गेली. त्याच वर्षी बंगळूरू येथे ऑस्ट्रेलिया अंतिम सामन्यात जपानकडून ७४–७३ असा हरला. २०२५ मध्ये शेन्झेन येथे मात्र जपानलाच नमवून त्याने पहिले विजेतेपद मिळवले.

संघांची विभागणी ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन श्रेणींत केली जाते. चषकासाठी ‘अ’ श्रेणीतील आठ संघ खेळतात, तर ‘ब’ श्रेणीतील विजेत्याला वरच्या श्रेणीत बढती मिळते.

भारताच्या दृष्टीने २०१७ ची स्पर्धा विशेष महत्त्वाची ठरली. घरच्या मैदानावर ‘ब’ श्रेणीच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे हरवून भारताने बढती मिळवली आणि २०१९ (बंगळूरू) व २०२१ (अम्मान) या दोन्ही स्पर्धांत तो आशियातील अव्वल संघांविरुद्ध खेळला. तेथे टिकाव धरणे मात्र कठीण गेले आणि २०२१ च्या स्पर्धेनंतर त्याची पुन्हा ‘ब’ श्रेणीत घसरण झाली. पुण्याची शिरीन लिमये ही भारतीय संघातून खेळलेली महाराष्ट्रातील प्रमुख खेळाडू आहे.