गवत कापणीची जुनी यंत्रं : मूळ रंग शोधताना

नागपूरच्या आसपासच्या फार्महाउसवर जुनी अवजारं रंगवून दाराशी ठेवायची हौस असते. घोड्यांनी ओढायचं गवत कापणी यंत्र भंगारात सापडलं, की ते लालभडक ऑइल पेंटमध्ये न्हाऊन निघतं. ‘जुनं इंग्रजी यंत्र लालच असणार’ हा समज त्यामागे असतो. पण अमेरिकेचे लाल रंगासाठी ओळखले जाणारे फार्मॉल ट्रॅक्टरसुद्धा १९३६ च्या अखेरीपर्यंत राखाडी रंगात येत, लाल झाले ते नंतर.

या भागात गवताला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते घोड्यांमुळे. कामठीची छावणी १८२१ ची. देशी रिसाल्यात साधारण दोन घोड्यांमागे एक घासवाला आणि त्याचं तट्टू असे, आणि कापणी खुरप्याने चाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली. कापसाच्या प्रेसची सवय असलेल्या मुलखाला गवत दाबून गठाण बांधणं काही नवलाचं नव्हतं. मोकळं गवत वॅगनमध्ये नुसती जागा खातं, दाबलेलं लांब पाठवता येतं.

विलायतेत तोवर कापणी यंत्रं रुळली होती. अमेरिकेत हसीच्या कापणी यंत्राचं पेटंट १८३३ चं, मॅकॉर्मिकच्या यंत्राचं १८३४ चं. इंग्लंडमध्ये बॅमफर्ड कंपनी १८७१ पासून, तर अमेरिकेत मॅकॉर्मिक, डीरिंग वगैरे कंपन्या एकत्र होऊन १९०२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. आपल्याकडे मात्र या यंत्रांचं बस्तान बसलं नाही. पात्याला गती मिळते ती जमिनीवर फिरणाऱ्या चाकातून, आणि गिअरचं गणित घोड्याच्या चालीवर बसवलेलं. बैल जोडला की पातं मंदावतं आणि गवत दातांत अडकतं. त्यात कुरणातले दगड आणि स्वस्त मजुरी. कुसळीचं गवत कुसळं टणक व्हायच्या आत कापावं लागतं, म्हणून यंत्राचा वेग हवाहवासा वाटे, पण विळाच जिंकला.

रंगाचा मुद्दा मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण त्याचा एक धागा थेट विदर्भाच्या शेतात येतो. त्या काळचा रंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली भुकटी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनला जवस पुरवणाऱ्या देशांत हिंदुस्थान आघाडीवर होता, आणि मध्य प्रांत हा जवसाचा महत्त्वाचा मुलूख. बी मुंबईमार्गे जाई, तिकडे त्याचं तेल निघे, त्यातून रंग होई. आपल्या हाती आलेल्या यंत्रावर इथल्याच जवसाचा अंश असेल, असं सिद्ध करता येणार नाही, पण अशक्यही नाही.

लोखंडावर पहिला हात बहुधा शेंदराचा असे. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, गंज रोखणारं. खरवडताना सगळ्यात खाली शेंदरी थर दिसला, की लोक त्यालाच मूळ रंग समजतात. तो अस्तर आहे. कारखान्याचा रंग त्याच्या लगेच वर असतो. हे थर कोरडे घासू नयेत. शिशाची धूळ पोटात जाते, म्हणून ओला पॉलिश पेपर आणि तोंडावर मास्क हवाच. वाटाण्याएवढा खळगा हळूहळू घासला, की कडांना थरांची वर्तुळं दिसतात.

खरा नमुना उन्हापासून लपलेल्या जागी मिळतो: नावाच्या पट्टीखाली, वॉशरखाली, सीटच्या कंसामागे, ग्रीसने माखलेल्या ओतीव अक्षरांच्या खाचांत. तिथेही एक गोम आहे. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, त्यामुळे निळा हिरवट दिसतो. नमुना काही दिवस उजेडात ठेवला, की हा पिवळेपणा बराच उतरतो. त्यानंतरच आयएस ५ चा, म्हणजे रंगछटांच्या भारतीय मानकाचा, शेड चार्ट शेजारी धरावा. सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या झोताने रंग खरवडायला, पाठवण्याआधी हे सगळं उरकलं नाही, तर पुरावाच उडून जातो. रंगवतानाही एखादा कोपरा जुनाच राखावा, असं माझं मत.

पेटीतल्या पान्यांनीही मूळ ठिकाण कळतं. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची बोल्टवर एका इंचात १२ आटे असले तर व्हिटवर्थ, म्हणजे इंग्रजी; १३ असले तर अमेरिकन. जुन्या व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, जबड्याच्या मापाचा नाही. अर्ध्या इंचाच्या पान्याचं तोंड ०.९२ इंच भरतं, म्हणून आजच्या सेटमधला पाना त्याला नीट बसत नाही. युद्धकाळात, १९४१ मध्ये, लोखंड वाचवायला बोल्टची डोकी एक माप लहान केली गेली. तेव्हापासूनच्या अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टला साडेतीन सुती पाना चालतो. १९४१ च्या आधीच्या यंत्रावर व्हिटवर्थ बोल्टचं असं लहान डोकं दिसलं, तर तो बोल्ट बहुधा नंतर बदललेला आहे. त्याच्या डोक्यावरचा रंग नमुन्यासाठी धरू नये.