गर्भपिशवी रिकामी करताना दुखेल का?

हा प्रश्न बहुतेक जणी उठून निघताना, दारापाशी विचारतात. म्हणून तो आम्ही इथे पहिलाच घेतला आहे.

हो, दुखतं. गर्भपातात, गर्भारपणाच्या पहिल्या 12 आठवड्यांपर्यंत पिशवी बारीक नळीने, आतलं ओढून घेऊन (व्हॅक्यूमने) रिकामी करतात. त्याला साधारण 5 ते 10 मिनिटं लागतात. पाळीतल्यासारख्या कळा येतात, काहींना त्याहून बऱ्याच जोरात. पाळी नेहमीच फार दुखत असेल, बाळंतपण झालेलं नसेल किंवा मनात भीती असेल, तर त्रास जास्त जाणवतो. हे आधी सांगा, त्यावरून औषध ठरवता येतं.

बहुतेकींना गोळी आणि जागेवरची भूल पुरते. आयब्युप्रोफेनची गोळी अर्धा ते एक तास आधी घ्यायची. नुसत्या पॅरासिटामॉलचा इथे फारसा उपयोग होत नाही. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामकाने दमा उठत असेल, तर आयब्युप्रोफेन घेऊ नका, आम्हाला सांगा. पिशवीचं तोंड मऊ करायला दिलेल्या गोळीनेही कळा येतात, तेव्हा घाबरू नका.

मग पिशवीच्या तोंडाभोवती लिग्नोकेनचं, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. सुई टोचल्याचं कळतं. त्यानंतर डॉक्टर सुमारे 3 मिनिटं थांबतात. ही मिनिटं वाया जात नाहीत, भूल तेवढ्यातच चढते. कानात गुणगुणलं, जीभ बधिर झाली किंवा तोंडाला धातूची चव आली, तर लगेच बोला.

सर्वात मोठी कळ शेवटी येते. रिकामी झालेली पिशवी आवळते, त्याची ती कळ. नर्सताई शेजारीच असतात, हात धरतात आणि पुढे काय होणार ते सांगत राहतात. "थांबा" म्हणालात, की डॉक्टर सुरक्षित टप्प्यावर हात थांबवतात.

गुंगीचं इंजेक्शनही देता येतं, मात्र त्या दिवशी घरी न्यायला सोबत कुणीतरी हवं. पूर्ण भूल प्रत्येकीला देण्याची गरज नसते. तिचे धोके वेगळे असतात आणि उपाशीपोटी यावं लागतं. पण दुखणं सोसून दाखवायची इथे कुणाकडूनच अपेक्षा नाही.

घरी गेल्यावर कळा काही दिवस येत-जात राहतात. गरम पाण्याची पिशवी आणि आयब्युप्रोफेन यांनी आराम पडतो. गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, ताप आला, घाण वासाचा स्राव सुरू झाला किंवा सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.