प्लासिबो-नियंत्रित चाचणी

उपचाराचा गुण तपासण्यासाठी रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे) गट पाडून एका गटाला खरा उपचार आणि दुसऱ्याला हुबेहूब तसाच दिसणारा, पण औषधी द्रव्य नसलेला उपचार (प्लासिबो) देण्याची पद्धत. कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत नसेल, तर ती दुहेरी अंध चाचणी होय.

पद्धतीचा उगम नेमका सांगता येत नाही. शरीरातील अदृश्य चुंबकशक्तीने रोग बरे करतो म्हणणाऱ्या मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिचुंबकत्वा’ची, रुग्णांचे डोळे बांधून केलेली परीक्षा (पॅरिस, १७८४) काहीजण आरंभ मानतात. इंग्रज डॉक्टर जॉन हेगार्थ यांनी १७९९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे वेदनाशामक म्हणून खपणाऱ्या धातूच्या कांड्यांऐवजी रंगवलेल्या लाकडी कांड्या वापरल्या; पाचपैकी चार संधिवाती रुग्णांना आराम वाटला. उपचाराची नकलेशी थेट तुलना येथे असल्याने हा दाखला अधिक ग्राह्य वाटतो.

प्लासिबोचा प्रभाव किती, हा वाद मोठा आहे. अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९५५ मध्ये १५ अभ्यासांतील १,०८२ रुग्णांच्या आधारे सरासरी ३५ टक्के रुग्णांना त्याने समाधानकारक आराम पडतो असे मांडले व हा आकडा पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. मात्र आपोआप पडणारा उतार त्यात वेगळा काढलेला नव्हता. ह्रोबयार्टसन व गोट्शे या संशोधकांनी २००१ मध्ये प्लासिबो गटाची काहीच उपचार नसलेल्या गटाशी तुलना असलेल्या ११४ चाचण्या तपासल्या. वेदनेसारख्या रुग्णाने स्वतः सांगायच्या लक्षणांत थोडा फरक आढळला. मोजता येण्याजोग्या परिणामांत लक्षणीय फरक नव्हता. पुरावा या दुसऱ्या मताकडे झुकतो. तरी वेदनेतील आराम खोटा म्हणता येत नाही. दाढ काढलेल्या रुग्णांमध्ये प्लासिबोने मिळणारा आराम नॅलोक्झोनने (अफूसारख्या वेदनाशामकांचा परिणाम रोखणाऱ्या औषधाने) कमी होतो, असे १९७८ च्या एका अभ्यासात दिसले; त्यावरून शरीरातील नैसर्गिक वेदनाशामकांचा त्यात वाटा असावा.

उताराचे श्रेय कसे चुकते ते सोलापुरात सहज दिसते. चादरी-टॉवेलच्या मागावर पाळीभर उभा राहणारा कामगार दवाखान्याची पायरी चढतो ती बहुधा पाठदुखी असह्य झाल्यावरच. अशी दुखणी कमीजास्त होतच असतात. टोकाला पोचल्यावर काही न करताही उतार पडण्याचा संभव अधिक. श्रेय मात्र त्या दिवशी टोचलेल्या सुईला किंवा लावलेल्या सलाईनला जाते. चाचणीत हा उतार दोन्ही गटांत पडतो. उरलेला फरक तेवढा औषधाचा.

शस्त्रक्रियाही या कसोटीतून सुटत नाही. गुडघ्याच्या संधिवातावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने केवळ त्वचेवर छेद देण्यापेक्षा जास्त गुण येत नाही, असे १८० रुग्णांच्या चाचणीत (२००२) आढळले.

सिद्ध उपचार उपलब्ध असताना रुग्णाला गंभीर अपाय होईल अशा ठिकाणी प्लासिबोवर ठेवणे हेलसिंकी जाहीरनाम्याला (वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांच्या जागतिक जाहीरनाम्याला) मान्य नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयामार्फत उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात झालेल्या गर्भाशयमुख कर्करोग तपासणीच्या चाचणीत (१,३१,७४६ स्त्रिया, निष्कर्ष २००९) प्लासिबो नव्हता, नियंत्रण गटाला नेहमीची आरोग्यसेवा होती. एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्मे झाले. पण नियंत्रण गटाला तपासणीविना ठेवण्यावर घेतलेला आक्षेपही तितकाच गंभीर आहे. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे. सोलापूरच्या पूर्व भागात ते तेलुगूतून, अक्कलकोटकडे बऱ्याचदा कन्नडमधून करावे लागते, आणि ‘तुम्हाला औषध नसलेली गोळीही मिळू शकते’ हे वाक्य त्यात वगळून चालत नाही.